ज्ञातीचे कपाट व गावाचे वाचनालय

मंडळाच्या चिटणिसांनी यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्हांस चार शब्द लिहावयास सांगितले, तेव्हा विषय शोधण्याचे श्रम पडले नाहीत. गेल्या सर्वसाधारण सभेत एक सूचना पुढे आली होती. पवई येथील मंडळाच्या खोलीत पुस्तकांची जी चार कपाटे आहेत ती काढून टाकावीत व जागा वधूवर सूचक केंद्राच्या कचेरीस द्यावी, अशी ती सूचना. वेळेअभावी तिचा निर्णय पुढील सभेवर ठेवण्यात आला. सूचना मांडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. नोंदवहीत महिन्याकाठी पाचसहा नावेही पडत नाहीत, मग जागा अडवून उपयोग काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. ह्या सवालास उत्तर देण्यापूर्वी, वाचनालय ही संस्था आपल्या मुलुखात कशी आली, कोणी वाढविली व तिने काय केले, ह्याचा थोडा इतिहास ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवणे अवश्य आहे. सेवानिवृत्तीपासून ह्या कपाटांच्या किल्ल्या आमच्याकडे आहेत, एवढाच काय तो आमचा अधिकार.

आरंभ पवईपासूनच करू. आज पवई म्हटले की उंच इमारती व तंत्रशिक्षणाची मोठी संस्था डोळ्यांपुढे येते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र ही साष्टीतील एक विस्तीर्ण शेतवाडी होती व ती फ्रामजी कावसजी बानाजी ह्या पारशी गृहस्थांनी सरकारकडून घेतली होती. त्यांनी येथे ऊस, तुती, नीळ ह्यांची लागवड करून पाहिली व आमराया लावल्या. १८३८ साली त्यांनी विलायतेस राणी व्हिक्टोरियाकडे आंबे पाठविले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. आम्हांस मात्र त्यांची आठवण निराळ्या कारणाने होते. १८४० साली मुंबईत जे शिक्षण मंडळ स्थापन झाले, त्यात तीन एतद्देशीय सभासद होते : जगन्नाथ शंकरशेट, महंमद इब्राहीम मकबा आणि हे फ्रामजी. एक हिंदू, एक मुसलमान व एक पारशी अशा तिघांनी एका मेजाभोवती बसून शहराच्या शिक्षणाची चिंता वाहिली. १८५१ साली फ्रामजी निवर्तल्यावर त्यांच्या नावे स्मारकनिधी जमला आणि धोबीतलावावर ‘फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूट’ उभे राहिले. तेथील सभागृहात शहरातील मोठमोठी व्याख्याने झाली, आणि त्याच वास्तूत ‘पीपल्स फ्री रीडिंग रूम अँड लायब्ररी’ हे वाचनालय नांदले. पवईच्या मळेवाल्याचे स्मरण लोकांनी वाचनालयाच्या रूपाने राखावे, हा आम्हां पवईकरांस भूषणावह असा योग होय. त्या वाचनालयाच्या नावातील ‘लोकांचे’ आणि ‘मोफत’ ह्या अर्थाचे दोन शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

महाराष्ट्रात वाचनालयांचा उगम याहूनही जुना आहे. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ सालचे. त्यानंतर नाशिक येथे १८४० साली, पुण्यास १८४८ साली, कोल्हापुरास १८५० साली व कल्याणास १८६४ साली वाचनालये निघाली. ह्यांपैकी काहींची आरंभीची नावे ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ अशी होती व त्यांतील ग्रंथही बहुतांशी इंग्रजी असत. कारकुनी करणारा, वकिली करणारा, इंग्रजी शिकलेला असा जो नवा वर्ग त्या काळी उदयास येत होता, त्याची ती बैठकीची जागा होती. ज्यास केवळ मराठी वाचता येई, त्याने तेथे जाऊन काय करावे, हा प्रश्नच होता.

ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या शेजारच्या ठाण्याने दिले. १ जून १८९३ रोजी तेथे ‘मराठी ग्रंथसंग्रहालय’ स्थापन झाले. त्याचे एक संस्थापक विनायक लक्ष्मण भावे हे त्या वेळी पुरते बावीस वर्षांचेही नव्हते. घरचा व्यवसाय मिठागरांचा. परंतु ध्यास मराठी ग्रंथांचा. ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास पुढे त्यांनीच लिहिला. मराठीत छापलेले प्रत्येक पुस्तक एका जागी असावे आणि ते मराठी माणसास वाचावयास मिळावे, अशी ह्या तरुणांची हौस होती. त्यामागोमाग १ ऑगस्ट १८९८ रोजी ‘मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय’ निघाले व त्याच्या शाखा पुढे शहराच्या निरनिराळ्या वस्त्यांत पसरल्या. १९०७ साली ‘दादर सार्वजनिक वाचनालय’ सुरू झाले. १९२३ साली पार्ल्यास ‘लोकमान्य सेवा संघ’ स्थापन झाला व त्याच्या टिळक मंदिरात वाचनालय, व्याख्याने व उत्सव ह्यांचा संसार एकत्र थाटला गेला. पु. ल. देशपांडे ह्यांचे बालपण ह्याच पार्ल्यात गेले. उपनगरातील चाकरमान्याच्या मुलास मोठे वक्ते ऐकावयास व मोठी पुस्तके हाताळावयास मिळाली, ती अशाच जागी.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. त्याच काळात निरनिराळ्या ज्ञातींच्या सभा, मंडळे व शिष्यवृत्तिनिधी स्थापन होत होते. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढविली. तीही बहुधा त्या त्या समाजाच्या नावे निघाली. ज्याच्या घरी शिक्षणाची परंपरा नाही त्यास प्रथम आपल्या माणसांचा आधार लागतो, हे त्यामागील तत्त्व योग्यच होते व आपले मंडळही त्याच भावनेतून जन्मले. वाचनालये मात्र बहुधा गावाच्या नावाने निघाली. ‘नगर वाचनालय’, ‘सार्वजनिक वाचनालय’ अशी त्यांची नावे. वसतिगृहाने मुलास आधार द्यावा व वाचनालयाने त्यास जग दाखवावे, अशी जणू कामाची वाटणीच झाली होती.

अर्थात पाटीवर ‘सार्वजनिक’ लिहिले म्हणजे सर्व जन आत आले, असे समजण्याचे कारण नाही. वर्गणी व अनामत रक्कम ही पहिली अडचण. स्त्रियांनी पुरुषांच्या बैठकीत जाऊन वर्तमानपत्र उघडावे, अशी रीत नव्हती. आणि ज्यांची सावलीही चालत नव्हती, त्यांनी पुस्तकास हात लावण्याची गोष्ट तर दूरच. १८६८ साली पुण्यात जोतीराव फुले ह्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने सर्वांस खुले असावेत, असा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले ह्यांनी मंजूर करवून घ्यावयास १९२३ साल उजाडले, आणि तो ठराव प्रत्यक्षात आणण्यासाठी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. पाण्याची ही कथा, तेथे ग्रंथांची काय कथा सांगावी?

ह्या बोल्यांचेच नाव आणखी एका प्रसंगात येते. परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहणारे एक कुटुंब होते. त्यातील मुलास अभ्यासास जागा नसे. शाळा सुटली की तो चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसे. विल्सन हायस्कुलातील एक शिक्षक, कृष्णाजी अर्जुन केळूसकर, हेही त्या बागेत येत. त्यांनी मुलास रोज वाचताना पाहिले, जवळ जाऊन विचारपूस केली व त्यास पुस्तके देऊ लागले. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला. त्याच्या अभिनंदनाच्या सभेचे अध्यक्ष बोले होते. केळूसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्या सभेत त्यास भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळवून देण्यासही केळूसकरच कारण झाले. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी दादरला ‘राजगृह’ बांधले, त्या घरात ग्रंथांसाठी प्रशस्त जागा ठेवली. न केळूसकर त्या मुलाच्या ज्ञातीचे, न बोले. बागेतल्या बाकावर जे घडले, ते वाचनालयाचेच काम होते. फक्त त्यास भिंती व कपाटे नव्हती.

सयाजीराव महाराजांनी हेच काम राज्याच्या पातळीवर केले. सक्तीचे प्राथमिक शिक्षण देऊनही मुले शाळा सोडताच अक्षरे विसरतात, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन ह्या ग्रंथपालास बोलावून घेतले. गावकऱ्यांनी वाचनालयासाठी काही रक्कम उभी केली की तेवढीच सरकारने व तेवढीच प्रांत पंचायतीने घालावी, अशी योजना झाली. जेथे वाचनालय काढणे शक्य नव्हते तेथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात. आपल्याकडे कोल्हापूर संस्थानात १९४५ साली ग्रंथालयांचा कायदा झाला आणि महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ साली संमत होऊन १ मे १९६८ पासून अमलात आला. त्यानुसार अ, ब, क, ड असे वर्ग करून ग्रंथालयांस अनुदान मिळते. परंतु ग्रंथालये चालवावयाची ती मुख्यतः लोकांच्या संस्थांनीच. म्हणजे आपल्यासारखी चार माणसे उभी राहिली नाहीत, तर नुसत्या कायद्याने दिवा लागत नाही.

आता जे लिहावयाचे ते लिहिताना आमचा हात अडखळतो. परंतु इतरांस इतिहास सांगावयाचा व आपला प्रसंग झाकून ठेवावयाचा, हे शिक्षकास शोभत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जून महिना होता, नुकत्याच शाळा उघडल्या होत्या. संध्याकाळी आम्ही खोली उघडून बसलो असता नववीदहावीच्या वयाचा एक मुलगा दारात आला. चपला बाहेर काढून म्हणाला, “सर, इथे बसून अभ्यास केला तर चालेल का? पुस्तक घरी नाही नेणार.” आम्ही त्यास नाव विचारले. त्याने सांगितले. आडनाव आमच्या ज्ञातीतले नव्हते. मंडळाच्या नियमावलीत ‘सभासद व त्यांचे कुटुंबीय’ असे स्पष्ट शब्द आहेत. ते आम्ही त्यास समजावून सांगितले. “बरं सर,” एवढेच म्हणून त्याने चपला पायांत घातल्या. खोलीत त्या वेळी आमच्याखेरीज कोणी नव्हते. आठ खुर्च्या रिकाम्या होत्या.

चारआठ दिवसांनी तो आम्हांस बसथांब्याच्या बाकावर दिसला. वर नळीचा दिवा होता आणि मांडीवर पुस्तक. आम्ही रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने गेलो. चौतीस वर्षे शाळेत शिकविताना कोणाही मुलाच्या हाती खडू देण्यापूर्वी आम्ही त्याचे आडनाव पाहिले नव्हते. आणि निवृत्तीनंतर, ग्रंथांची राखण करताना, पाहिले. केळूसकर बागेत वाचणाऱ्या मुलाकडे चालत गेले. आमच्याकडे तर मुलगाच चालत आला होता. त्यानंतर तो पुन्हा आला नाही व त्याचे पुढे काय झाले हे आम्हांस ठाऊक नाही.

पवईच्या तलावाकडे पाहिले की आम्हांस आपली कपाटे आठवतात. मुंबईस पिण्याचे पाणी हवे म्हणून १८९१ च्या सुमारास हा तलाव बांधण्यात आला. पुढल्याच वर्षी तानसाचे पाणी शहरास मिळू लागले, आणि पवईचे पाणी पिण्यास योग्य नाही असे ठरून ते काम थांबले. तलाव भरलेला दिसतो, शोभाही देतो, पण तहान लागलेल्यास त्याचा उपयोग नाही. पुस्तकांचेही तसेच आहे. जवळच १९५८ साली स्थापन झालेल्या आय. आय. टी.चे ग्रंथालय आहे. ते तेथील विद्यार्थ्यांसाठी व अध्यापकांसाठी असावे हे योग्यच. पण टेकडीच्या उतारावरील वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांत राहणाऱ्या मुलाने कोठे बसावे? घरोघरी दूरध्वनी यंत्रात जगाचे ज्ञान आले असे म्हणतात. असेल, परंतु त्यात दोन तासांची शांतता व बूड टेकावयास खुर्ची येत नाही.

तेव्हा नोंदवहीत नावे पडत नाहीत, हे सूचना मांडणाऱ्या बंधूंचे म्हणणे खरे आहे. कारण मात्र निराळे आहे. ज्यांना दार उघडे आहे त्यांच्या घरी जागाही आहे व पुस्तकेही आहेत. ज्यांना गरज आहे त्यांना दार बंद आहे. उपाय कपाटे हलविण्यात नसून नियम बदलण्यात आहे.

येत्या सभेपुढे आम्ही पुढील गोष्टी मांडणार आहोत. नियमावलीतील ‘सभासद व त्यांचे कुटुंबीय’ हे शब्द वाचनालयापुरते काढावेत. रोज सायंकाळी ६ ते ९ खोली परिसरातील कोणाही विद्यार्थ्यास, मुलांस व मुलींस, विनाशुल्क अभ्यासास मिळावी. नववी व दहावीच्या पाठ्यपुस्तकांचे दोन संच तेथे कायम असावेत. दोन मराठी वर्तमानपत्रे यावीत. त्यांची वर्षाची वर्गणी आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ. वधूवर सूचक केंद्राचे काम रविवारी सकाळी असते. त्या वेळी खोली त्यांची. लग्ने जुळविणे हेही मंडळाचे कर्तव्यच आहे, व एका खोलीत दोन्ही कामे सुखाने नांदू शकतात.

मंडळ ज्ञातीचे आहे आणि राहो. आपल्या पूर्वजांनी पोटास चिमटा घेऊन ते उभारले, ह्याचा आम्हांस अभिमान आहे. पण त्यांच्यापैकी कित्येकांनी अक्षरओळख ज्या शाळेत केली ती ज्ञातीची नव्हती, व ज्या दिव्याखाली पुस्तक वाचले तो रस्त्यावरचा होता. ते ऋण फेडण्यास आठ खुर्च्या पुरेशा आहेत. सभेस ज्ञातिबंधुभगिनींनी अवश्य उपस्थित राहावे, आणि मत देताना बसथांब्यावरील त्या मुलाची आठवण ठेवावी, एवढीच आमची नम्र विनंती आहे. किल्ल्या आम्ही बरोबर आणू.