कोंड्याचा मांडा

इतिहास लिहिणारांची दृष्टि बहुधा तख्ताकडे, तलवारीकडे आणि तहनाम्यांकडे लागलेली असते. चुलीकडे वळून पाहण्यास तिला सवड होत नाहीं. वस्तुतः राज्यें चालविणारे आणि लढाया लढणारे हे सर्व लोक दिवसांतून दोन वेळां ज्या पानावर बसत, त्यावर काय वाढलें जात होतें या प्रश्नाचें महत्त्व रणांगणावरील डावपेचांहून कमी नाहीं. मराठींत "कोंड्याचा मांडा करणें" अशी एक म्हण आहे. जी गृहिणी गरिबींतहि संसार नेटका करून दाखविते तिच्या कौतुकासाठीं ती योजतात. म्हण करणारानें कोंडा ही निःसत्त्व वस्तु असें गृहीत धरलें होतें. आहाराचा गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास मात्र असें सांगतो कीं, धान्याच्या सत्त्वाचा मोठा वांटा त्या कोंड्यांतच होता, आणि तो फेकून दिल्याची किंमत असंख्य माणसांनीं प्राण देऊन भरली. तो इतिहास वाचकांपुढें ठेवावा असा आमचा विचार आहे; कारण आरोग्य हें औषधाच्या बाटलींत नसून रोजच्या लहान लहान संवयींत असतें, ही गोष्ट त्याच्याइतकी स्पष्ट दुसऱ्या कशानेंहि होत नाहीं.

भाताच्या दाण्यास वरून तूस असतें. तें माणसास पचत नाहीं, म्हणून काढावेंच लागतें. तुसाच्या आंत तांबूस रंगाचें पातळ आवरण असतें, तोच कोंडा; आणि दाण्याच्या एका टोंकास अंकुराचा बारीक बिंदु असतो. उखळींत मुसळानें भात कांडला म्हणजे तूस निघून जातें, परंतु कोंड्याचा कांहीं भाग व अंकुर दाण्यास चिकटून राहतो. हाच हातसडीचा तांदूळ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रंगून, बँकॉक, सायगांव या बंदरांत वाफेच्या गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांतून निघणारा तांदूळ मोत्यासारखा शुभ्र असे, तो कोठारांत अधिक टिके, आणि मोजक्या वेळांत हवा तेवढा तयार होई. पूर्वी शुभ्र भात हें श्रीमंताच्या ताटाचें लक्षण होतें. गिरणीनें तें हमालाच्या आणि कैद्याच्या ताटांतहि आणून ठेविलें. त्याच्या पाठोपाठ एक रोगहि आला. पाय बधिर होतात, पिंढऱ्यांत गोळे येतात, अंगावर सूज चढते, आणि शेवटीं हृदय थकून माणूस दगावतो. या रोगास बेरीबेरी असें म्हणतात.

जपानांत हा रोग जुना होता. येदो म्हणजे आजचें तोकियो. त्या राजधानींत राहणाऱ्या सुखवस्तु लोकांस तो जडे, आणि गांवीं परत गेल्यावर पुष्कळदां आपोआप बरा होई. म्हणून त्यास लोक "येदोचें दुखणें" म्हणत. गांवचा शेतकरी जवमिश्रित भात खात होता, आणि शहरचा मनुष्य पांढरा भात; परंतु या दोन गोष्टींची सांगड कोणी घातली नाहीं. ती घालण्याचा मान नौदलांतील वैद्य ताकाकी कानेहिरो यांचा. १८८२-८३ सालीं "र्‍युजो" नांवाचें लढाऊ जहाज लांबच्या सफरीवर गेलें. त्यावरील ३७६ लोकांपैकीं १६९ जणांस बेरीबेरी झाली आणि २५ मरण पावले. पुढें १८८४ सालीं ताकाकींनीं "त्सुकुबा" हें दुसरें जहाज त्याच मार्गानें पाठविण्याची परवानगी मिळविली. वाट तीच आणि हवाहि तीच. फरक फक्त मुदपाकखान्यांत. भात कमी करून मांस, दूध, पाव व भाज्या वाढविल्या होत्या. रोगाची बाधा मोजक्याच खलाशांस झाली आणि बेरीबेरीनें एकहि मृत्यु झाला नाहीं. पुढच्याच वर्षीं नौदलाच्या भातांत जव मिसळला गेला, आणि थोडक्याच वर्षांत त्या दलांतून रोग जवळजवळ नाहींसा झाला.

येथें एक मौजेची गोष्ट आहे. नत्रयुक्त पदार्थांच्या अभावानें हा रोग होतो असें ताकाकींचें मत होतें, आणि तें चुकीचें होतें. कारण चुकलें, पण पथ्य बरोबर निघालें! भूदलाच्या वैद्यांस मात्र हें पथ्य पटलें नाहीं. रोग जंतूंचा असला पाहिजे, असें त्या काळच्या नव्या शास्त्राच्या अभिमानानें ते म्हणत राहिले. परिणाम असा झाला कीं, १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धांत जपानी भूदलाचे सुमारें २७,००० शिपाई एकट्या बेरीबेरीनें मेले. शिपायास पोटभर पांढरा भात देणें हा त्याचा सन्मान समजला जात होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे या संहाराची करुणता अधिकच जाणवते.

खरें कारण हातीं लागलें तें जावा बेटांत, आणि तेंहि एका आचाऱ्याच्या हट्टामुळें. बटाव्हिया येथें डच वैद्य आइकमान बेरीबेरीचे जंतु शोधीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेंतील कोंबड्यांस एकाएकीं त्याच रोगासारखी विकृति जडली, आणि कांहीं महिन्यांनीं ती तितकीच एकाएकीं नाहींशी झाली. चौकशी केली तेव्हां उलगडा झाला. मधल्या काळांत कोंबड्यांस लष्करी इस्पितळांतील उरलेला पांढरा भात घालीत असत; पुढें नवा आचारी आला, त्यानें लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांस देण्याचें साफ नाकारलें, आणि पुन्हां साधा तांदूळ मिळूं लागतांच त्या बऱ्या झाल्या! पुढें जावांतील तुरुंगांची पाहणी झाली. तिचे आंकडे १८९७ सालीं प्रसिद्ध झाले: पांढरा तांदूळ खाणाऱ्या कैद्यांत ३९ मध्यें एकास बेरीबेरी, आणि कोंड्यासह खाणाऱ्यांत १०,००० मध्यें एकास. आइकमान यांचा समज असा कीं, पिठूळ भागांत कांहीं विष असतें व कोंडा त्यावर उतारा होय. त्यांचे सहकारी ग्रैन्स यांनीं १९०१ सालीं खरा अर्थ लावला: भातांत विष नाहीं, कोंड्यांत असलेलें एक आवश्यक द्रव्य सडतांना निघून जातें. १९१२ सालीं फुंक यांनीं अशा द्रव्यांस "व्हिटॅमीन" हें नांव दिलें, १९२९ सालीं आइकमान यांस हॉपकिन्स यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें, आणि १९३६ सालीं तें द्रव्य, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व अथवा थायामिन, विल्यम्स यांनीं रासायनिक रीतीनें तयार केलें. पिष्टमय अन्नाचें शक्तींत रूपांतर होण्यास तें लागतें. म्हणून जो निव्वळ पांढऱ्या भातावर जगतो त्यासच त्याची वाण अधिक भासते.

शास्त्राच्या या शोधास जी पन्नास वर्षें लागलीं, त्या अवधींत एक समाज कोणतेंहि शास्त्र न शिकतां या रोगापासून सुरक्षित होता. मलायाच्या खाणींत राबणारे चिनी मजूर सयामचा पांढरा तांदूळ खाऊन मरत होते. परंतु त्याच मुलखांत राबणाऱ्या तमिळ मजुरांस तो रोग सहसा होत नसे. याकडे ब्रॅडन या वैद्यांनीं लक्ष वेधलें. तमिळ लोक उकडा तांदूळ खात असत. १९०५-०६ सालीं क्वालालंपूर येथील वेड्यांच्या इस्पितळांत फ्लेचर यांनीं रुग्णांचे दोन गट केले. पांढरा तांदूळ खाणाऱ्या गटांत १८ जण बेरीबेरीनें दगावले, उकड्या तांदुळाच्या गटांत एकहि नाहीं. भात तुसासकट भिजवून उकडला म्हणजे कोंड्यांतील सत्त्व पाण्याबरोबर दाण्याच्या आंत मुरतें. मग वरचा कोंडा सडून गेला तरी तें बरेंचसें आंत शिल्लक राहतें. आमच्या दक्षिण कोंकणांत आणि गोमंतकांत हीच रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. न्याहारीस उकड्या तांदुळाची पेज घेऊन शेतावर जाणारा कोंकणी शेतकरी जीवनसत्त्वाचें नांवहि ऐकून नव्हता. पण त्याच्या घरच्या मडक्यानें त्याची राखण केली होती. घाटावर हेंच काम जोंधळ्याच्या आणि बाजरीच्या भाकरीनें केलें. कारण तें धान्य सबंधच जात्यांत पडे.

अशा संवयींचें मोल मराठी शिपायांच्या इतिहासांतहि एकदां दिसून आलें. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत तुर्की सैन्यानें मेसोपोटेमियांतील कूत येथें सहाव्या पुणें डिव्हिजनास वेढा घातला; तींत मराठा पलटणीहि होत्या. वेढ्यांत गोऱ्या शिपायांस बारीक पांढऱ्या पिठाचा पाव मिळे आणि त्यांच्यांत बेरीबेरी उद्भवली. हिंदी शिपाई कोंड्यासकट दळलेला आटा व डाळ खात, त्यांस ती झाली नाहीं. पुढें पांढरें पीठ संपलें, गोऱ्यांसहि आटा व जवाचें पीठ खाणें भाग पडलें, आणि त्यांचा रोग ओसरला. परंतु येवढ्यावरून आपण फुशारून जाण्याचें कारण नाहीं. ताज्या भाजीच्या अभावीं हिंदी शिपायांस स्कर्व्हीनें गांठलें, आणि घोड्याचें मांस खाण्यास बहुतेकांनीं दीर्घकाळ नकार दिल्यामुळें तो रोग अधिकच बळावला. एक चांगली संवय सर्व उणिवा भरून काढीत नाहीं. स्कर्व्हीवरचा एक सोपा उपाय, म्हणजे भिजवून मोड आणलेलीं कडधान्यें, १९१९ सालीं लंडनांत हॅरिएट चिक व डेल्फ या दोन शास्त्रज्ञ स्त्रियांनीं प्रयोगानें सिद्ध केला. मटकीला मोड आणून उसळ करणाऱ्या आमच्या घरांत तो आधींपासून होता. मात्र रटरटा शिजवून त्यांतलें सत्त्व घालविण्याची खोडहि होतीच.

पुढें मॅक्कॅरिसन यांनीं निलगिरींतील कुन्नूर येथें उंदरांच्या निरनिराळ्या गटांस हिंदुस्थानांतील निरनिराळ्या प्रांतांचें अन्न घालून त्यांची वाढ मोजली. कोंड्यासकट कणकेच्या पोळ्या, डाळ, दूध-लोणी व कच्च्या भाज्या असलेला शीखांचा आहार पहिला आला, त्यामागून पठाणांचा, तिसरा मराठ्यांचा. आणि पांढऱ्या भाताचा मद्रासी आहार शेवटचा. ही परीक्षा माणसांची नसून ताटांची होती, हें विसरतां कामा नये. त्याच कुन्नूरच्या संस्थेचे पुढचे संचालक ॲक्रॉइड यांनीं १९३७ सालीं हिंदी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचें कोष्टक प्रसिद्ध केलें; ती संस्था पुढें १९५८ सालीं हैदराबादेस गेली. इकडे १९३४ च्या अखेरीस वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. हातसडीचा तांदूळ आणि जात्यावरचें पीठ यांचा गांधीजींनीं आग्रहानें प्रचार केला.

आणि तरीहि गिरणी जिंकली. असें कां झालें? या प्रश्नाचें उत्तर दिल्यावांचून या विषयावर लिहिण्याचा अधिकार कोणासहि नाहीं, असें आम्हांस वाटतें. उखळाचें गुणगान करणारे बहुतेक पुरुष होते, आणि मुसळ मात्र बायकांच्या हातांत होतें. पहांटे उठून दळावें, मग कांडावें, पाखडावें, निवडावें. तेवढ्यानें दिवस फक्त सुरू होई. ओव्यांची गोडी खरी, पण तळहातांवरचे घट्टेहि खरेच होते. गिरणीनें त्या स्त्रीची पाठ मोकळी केली, तेव्हां तिनें गिरणीस दुवा दिला यांत तिचें काय चुकलें? तिला कोंड्याचें महत्त्व कोणीं सांगितलेंच नव्हतें. "आमच्यांत अशी रीत आहे" येवढ्या आधारावर जी संवय उभी असते, ती सोयीचा पहिला धक्का लागतांच कोसळते. रीत होती, पण तिचें कारण ठाऊक नव्हतें. आणि जेव्हां कारण कळलें, तेव्हां रीत मोडून गेली होती. आमच्या मतें या सर्व इतिहासाचा मथितार्थ हाच आहे.

म्हणून उखळ पुन्हां अंगणांत पुरा असें आम्ही म्हणत नाहीं. तुसाबरोबर कोंडा गेलाच पाहिजे असा यंत्राचा नियम नाहीं. नुसतें तूस काढणारीं यंत्रेंहि आहेत, आणि घेणारानें मागितल्यास दुकानदार कमी सडलेला वा उकडा तांदूळ ठेवतोच. स्वयंपाकांतल्या संवयी तर बिनखर्चाच्या आहेत. तांदूळ चोळचोळून पांच पाण्यांनीं धुवूं नये. सत्त्व त्या धुवणांतून मोरींत जातें. भात वेळून त्याचें पाणी फेकूं नये. आटेल तेवढेंच पाणी घालावें, अथवा निवळ आमटींत घ्यावी. कणकेचा कोंडा चाळून टाकूं नये. आठवड्यांतून चार दिवस भाकरी, दोन दिवस मोडाची उसळ, रोज कांहीं कच्ची कोशिंबीर आणि वाटीभर ताक, येवढें ज्या घरांत घडतें तेथें आहारशास्त्राचा मोठा भाग पाळला गेला. आणि मिताहार तर आमचा जुना धडाच आहे; चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील पांचव्या अध्यायाचा आरंभच मापानें जेवण्यापासून होतो, आणि रोज कोणते पदार्थ खावे यांच्या त्यांतील यादींत साठी तांदूळ, मूग, आंवळा व जव हीं साधीं नांवेंच आढळतात.

बेरीबेरी आज विरळा झाली आहे. तिची जागा मधुमेहासारख्या दुखण्यांनीं घेतली आहे, आणि त्यांतहि सबंध धान्य टाकून शुभ्र, मऊ, गोड अन्नाकडे वळल्याचा दोष थोडा नाहीं. अशा वेळीं दोन गोष्टी घराघरांतून व्हाव्या असें आम्हांस वाटतें. एक, मुलांस चांगली संवय लावतांना तिचें कारणहि सांगावें, म्हणजे ती त्यांच्या हातून सहज सुटणार नाहीं. दुसरी, त्या संवयीचे श्रम घरांतील सर्वांनीं वांटून घ्यावे, म्हणजे ती कोणा एकीस जाचणार नाहीं. कोंड्याचा मांडा करण्याचें कसब आजवर गृहिणीनें एकटीनें दाखविलें. आतां कोंड्याची खरी किंमत सर्वांस कळली आहे. तेव्हां तो मांडा करावयासहि सर्वांनींच चुलीपाशीं बसावें, हें न्यायाचें होईल.