पुस्तकाला वाट मोकळी, फ्लॉपी मात्र युद्धसामग्री

२००४ च्या सुमारास जालना जिल्ह्यात टेलिफोनच्या तारेवरून, ५६ केबीपीएसच्या पूर्ण वेगाने, ७०० एमबीची सीडी उतरवायची तर जोडणी एकदाही न तुटता सुमारे २८ तास लागले असते. त्यामुळे टपालाने फुकट येणाऱ्या उबंटूच्या सीडीचे अप्रूप होते. २०११ पर्यंत चाललेली ही वाटणी निर्वेध वाटते. पण अशी तबकडी परदेशी पाठवणे काही वर्षांपूर्वीपर्यंत गुन्हा ठरू शकत होते.

१९९४ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ब्रूस श्नायर यांचा ‘अप्लाइड क्रिप्टोग्राफी’ हा ग्रंथ निर्यातबंदीबाहेर ठरवला. त्यात छापलेल्याच सांकेतिकीकरणाच्या आज्ञावली फ्लॉपीवर घेऊन फिलिप कार्न यांनी पुन्हा विचारणा केली. उत्तर आले, ही युद्धसामग्री आहे! कार्न न्यायालयात गेले. १९९६ मध्ये दावा फेटाळला गेला. दरम्यान १९९५ मध्ये ‘पीजीपी’ची संपूर्ण आज्ञावली एमआयटी प्रेसने चक्क पुस्तकरूपाने छापली. कायद्याचे याहून मोठे हसे क्वचितच झाले असेल.

महाराष्ट्राला हे निर्बंध अपरिचित नव्हते. क्रे महासंगणक देण्यास अमेरिकेने आडकाठी केली, त्या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकारला.

मुक्त सॉफ्टवेअरची अडचण अधिक सूक्ष्म होती. जीपीएल परवाना प्रती वाटण्याचा हक्क देतो, पण तो स्वामित्वहक्कापुरता; सीमा ओलांडण्याचा प्रश्न निर्यात कायद्याचा. म्हणून उबंटू ज्यावर उभे आहे त्या डेबियनने सांकेतिकीकरणाची साधने ‘नॉन-यूएस’ या विभागात, अमेरिकेबाहेरच्या सर्व्हरवर ठेवली. अमेरिकेत ती आणायला मुभा होती, तेथून बाहेर पाठवायला नव्हती.

जानेवारी २००० मध्ये नियम सैल झाले. जाहीरपणे उपलब्ध असलेली मूळ आज्ञावली सरकारला कळवून निर्यात करता येऊ लागली. इराण, क्युबा, उत्तर कोरिया यांसारखे देश मात्र वगळलेलेच राहिले.

इकडे नोव्हेंबर २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तबकडीवरचे तयार सॉफ्टवेअर म्हणजे ‘माल’च, असा निर्णय दिला. तो विक्रीकरापुरता होता. पण परदेशी टपालाच्या सीमाशुल्क-पत्रकातही आतील वस्तू, वजन आणि किंमत हे रकाने असतातच, आणि फुकट वाटलेल्या सीडीलाही ते भरावे लागत.