उसाचा हंगाम संपला. आता पावसाळ्यात ट्रॉली उघड्यावर कशी ठेवायची?

कारखान्यांचे पट्टे पडले की साधारण मार्च-एप्रिलपासून उसाच्या ट्रॉल्या रिकाम्या होतात. कुणाची गोठ्याशेजारी, कुणाची बांधावर, कुणाची रस्त्याकडेच्या लिंबाखाली उभी राहते. ट्रॅक्टरला शेडमध्ये जागा मिळते, ट्रॉलीला क्वचितच. मग एप्रिल-मेचं ऊन आणि पुढचे चार महिने पाऊस ती उघड्यावरच काढते. दसऱ्याला धुऊन पूजा करायला जावं तर तळाचा पत्रा चाळणीसारखा झालेला, टायरला भेगा पडलेल्या आणि चाक फिरवलं की खरखर आवाज. ऐन हंगामाच्या तोंडावर खर्च उभा राहतो, वर मिस्त्रीकडे नंबर लावावा लागतो.

शेतकरी बांधवांनो, एक गोष्ट ध्यानात घ्या. वरून पडून वाहून गेलेल्या पावसानं ट्रॉलीचं फारसं बिघडत नाही. कोपऱ्यात, मातीत, पाचटात आणि ताडपत्रीखाली जे पाणी अडकून बसतं ते लोखंड खातं. लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही एकत्र मिळाली की गंज धरतो. त्यामुळं शेड नसली तरी पाणी अडकू दिलं नाही, तर ट्रॉली उघड्यावरही चांगली राहते.

आधी धुवा, मग वाळवा

मृग निघायच्या आत हे काम उरका. तळावरचं पाचट, उसाचे तुकडे, माती खराट्यानं काढा. चारी कोपरे, फाळक्याच्या बिजागऱ्या आणि खालच्या चॅनेलच्या खाचा उलथन्यानं खरवडा. ओलं पाचट स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं, म्हणून पत्रा पहिल्यांदा तिथंच सडतो. ट्रॉलीतून खत वाहिलं असेल तर धुणं आणखी गरजेचं, कारण रासायनिक खताच्या कणांनी गंज लवकर धरतो. सर्व्हिसिंगच्या पंपानं धुताना फवारा थेट चाकाच्या हबवर मारू नका, पाणी सीलमधून बेअरिंगमध्ये शिरतं. धुतल्यावर दोन दिवस कडक ऊन खाऊ द्या.

गंज आणि रंग

जिथं रंग उडाला आहे तिथं तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर मारा. सुटा गंज निघाला की रेड ऑक्साइड प्रायमर लावा, तो वाळल्यावर ऑइल पेंट. ओल्या पत्र्यावर किंवा गंजावरच रंग फासला तर फुगे येऊन तो सालपटासारखा निघतो. सगळी ट्रॉली रंगवणं जमत नसेल तर निदान तळ, कोपरे आणि वेल्डिंगचे सांधे तेवढे करा.

पुष्कळ जण खालच्या बाजूला जळालेलं काळं ऑइल फासतात. लोखंडाला त्याचा उपयोग होतो, पण टायर आणि रबरी पाइपला ते लागू देऊ नका, रबर फुगून खराब होतं. विहीर, पाट किंवा जनावरांच्या हौदाजवळ हे काम करू नका.

जागा आणि उतार

मुरमाड, घट्ट, पाणी न साचणारी जागा निवडा. काळ्या रानात चाकं रुतून बसतात आणि रिमपर्यंत चिखल चढतो. नारळाखाली किंवा वाळलेल्या फांदीखाली ट्रॉली नको. दुसरी जागाच नसेल तर चाकांखाली जाड फळ्या किंवा फरशा टाका.

पुढचा दांडा लाकडी ठोकळ्यावर किंवा स्टँडवर टेकवून मागच्यापेक्षा चार बोटं उंच ठेवा. मागचा फाळका थोडा उघडा ठेवा, म्हणजे आत पडलेलं पाणी मागून निघून जाईल. ट्रॉली दोन चाकी असेल तर मागच्या बाजूलाही आधार द्या. नाहीतर पोरं मागं चढली की दांडा एकदम वर उसळतो. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा.

डंपिंगची ट्रॉली पाणी निघावं म्हणून उचलून ठेवू नका. बॉडी पूर्ण खाली बसवा, म्हणजे जॅकचा चकचकीत दांडा आत राहतो आणि त्याला गंज धरत नाही. पाइपचं तोंड प्लास्टिकनं घट्ट बांधा. उचललेल्या बॉडीखाली काम करायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर वाकू नका. पाइप फुटला किंवा कुणाचा हात लिव्हरला लागला तर बॉडी क्षणात खाली येते. बॉडी आणि चासीच्या मध्ये मजबूत लोखंडी टेकू लावल्याशिवाय डोकं आत घालायचं नाही. गड्यालाही घालू द्यायचं नाही.

टायर

टायरचं निम्मं नुकसान पावसाआधीच होतं. एप्रिल-मेच्या उन्हानं रबर कडक होऊन भेगाळतं. एकाच जागी महिनोन्‌महिने उभं राहिल्यानं टायर खालून चपटा बसतो, हवा कमी असेल तर जास्तच.

जमत असेल तर ॲक्सलखाली जॅक लावा आणि पाट्यांजवळ भक्कम लाकडी ठोकळे देऊन टायरवरचा भार काढा. जॅक तसाच ठेवून जाऊ नका. सुट्या विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक अजिबात वापरू नका, ते न सांगता फुटतात. उचलणं जमत नसेल तर हवा पूर्ण भरा, पण टायरवर लिहिलेल्या आकड्याच्या वर जाऊ नका. मग महिन्यातून एकदा ट्रॉली अर्धा चाक पुढं-मागं सरकवा. उन्हाच्या बाजूला फळी किंवा जुना पत्रा उभा केला तरी टायरला सावली होते.

टायर किती जुना आहे हे त्याच्यावरच लिहिलेलं असतं. कडेला चार आकडी नंबर बघा. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. जुना टायर घेताना हा नंबर आधी वाचा.

बेअरिंग आणि ग्रीस

ग्रीस हंगाम सुरू होताना भरायचं, अशी आपली सवय. पण जुन्या ग्रीसमध्ये माती आणि पाणी मिसळलेलं असतं. ते चार महिने आत राहिलं तर बेअरिंगला डाग पडतात. म्हणून ट्रॉली उभी करतानाच हब उघडा. बेअरिंग डिझेलनं धुऊन पूर्ण वाळवा, नवं ग्रीस हातानं दाबून भरा. ऑइल सील फाटलं असेल तर बदला, स्प्लिट पिन नवी टाका. चाक उचललेलं असताना वर-खाली धरून हलवून बघा. खडखडत असेल तर मिस्त्रीला दाखवा. दांड्याची कडी, पिना, बिजागऱ्या आणि पाट्यांच्या पिना यांनाही ग्रीस लावा.

ताडपत्री आणि डासांचा धोका

ताडपत्री घट्ट गुंडाळली तर आत वाफ धरते आणि ट्रॉली उघडीपेक्षा जास्त गंजते. मध्ये बांबूचा कणा घालून दोन्हीकडं उतार करा, खालून वारा खेळता ठेवा.

ताडपत्रीवर वजन म्हणून जुने टायर टाकायची पद्धत आहे. त्या टायरात आणि ताडपत्रीच्या खळग्यात पाणी साचतं. डेंगी पसरवणारा डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. हा डास दिवसा चावतो. घराशेजारी ट्रॉली असेल तर दर आठवड्याला पाणी पाडा. टायरऐवजी मातीनं भरलेल्या पिशव्या बांधा.

पूरपट्ट्यात वेगळा नियम

कोल्हापूर-सांगलीकडं २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर कुणी विसरलेलं नाही. पंचगंगा-कृष्णेच्या काठावर ट्रॉली ठोकळ्यांवर चढवू नका, पाणी वाढलं तर ओढून नेता येत नाही. तिथं ट्रॉली चाकांवरच, उंचवट्यावर, तोंड रस्त्याकडं करून ठेवा. पुराचं पाणी हबपर्यंत चढलं असेल तर हब उघडून धुतल्याशिवाय ट्रॉली जोडू नका. गगनबावड्यासारख्या जास्त पावसाच्या भागात ताडपत्रीपेक्षा चार खांबांवर पत्रे टाकलेले बरे.

चोरी आणि कागद

रानात एकटी ट्रॉली असेल तर दांड्याच्या कडीतून साखळी घालून झाडाला किंवा खांबाला कुलूप लावा. चासी नंबर, नंबर प्लेट आणि चारी बाजूंचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. ट्रॉलीचं रजिस्ट्रेशन ट्रॅक्टरपेक्षा वेगळं असतं, म्हणून तिचे कागद, विमा आणि पासिंगची तारीख याच रिकाम्या महिन्यांत बघून घ्या.

दसऱ्याआधी एवढं बघा

- टायरची हवा, भेगा, चाकांचे नट
- हबचा आवाज, ग्रीस
- दांडा, कडी आणि पिनेच्या वेल्डिंगला तडा
- हायड्रॉलिक पाइपची गळती
- उंदरांनी कुरतडलेली वायर, मागचे दिवे
- मागं लाल रिफ्लेक्टर. उसाची ट्रॉली रात्रीच जास्त चालते. अंधारात बंद पडलेली ट्रॉली मागच्या मोटरसायकलवाल्याला दिसली पाहिजे.

जास्तीत जास्त दोन दिवसांचं हे काम आहे. एक दिवस धुण्याचा, एक दिवस ग्रीस आणि रंगाचा. मेच्या शेवटी ऊन असतानाच ते करून घ्या, एकदा पेरणीची घाई लागली की ट्रॉलीकडं बघायला कुणालाच वेळ नसतो.