रिसोत्तोचा इतिहास आणि आपला चौका



हल्ली लग्नाच्या बुफेत ‘जैन रिसोत्तो’ अशी पाटी हमखास दिसते. घरातली तरुण मंडळी म्हणतात, कांदा काढला की झालं जैन. मोठी माणसं म्हणतात, मुळातच सामिष पदार्थ, त्याच्या वाटेला जायचंच कशाला? दोघांनाही उत्तर द्यायचं तर या पदार्थाचा इतिहास पाहायला हवा.

तांदूळ हे इटलीचं मूळ धान्य नव्हे. तो पूर्वेकडून अरबांच्या मार्फत भूमध्य समुद्राकाठी पोहोचला. कित्येक शतकं तिथे तो मसाल्याच्या व्यापाऱ्याकडे, औषधासारखा थोडा थोडा मिळे. पंधराव्या शतकात उत्तरेकडच्या पो नदीच्या खोऱ्यात त्याची शेती रुजली. १४७५ मध्ये मिलानचे ड्यूक गालेआत्सो मारिया स्फोर्त्सा यांनी फेराराच्या ड्यूकला बारा पोती तांदूळ देऊ केल्याचं पत्र प्रसिद्ध आहे. म्हणजे राजाने राजाला द्यावी अशी ही वस्तू होती!

मिलानचा पिवळा रिसोत्तो सर्वांत नावाजलेला. त्याची लोककथा १५७४ सालची सांगतात. तिथल्या मोठ्या चर्चच्या काचा रंगवणारा एक शिकाऊ कारागीर रंगात केशर मिसळायचा. उस्तादाच्या मुलीच्या लग्नात त्याने गंमत म्हणून भातातही केशर घातलं, आणि तो भात सगळ्यांना आवडला. कथा गोड आहे, पण लिखित कृती बऱ्याच नंतरच्या. १८२९ मध्ये मिलानचे आचारी फेलिचे लुरास्की यांनी आपल्या पुस्तकात हा पदार्थ मिलानच्या नावाने दिला. त्यात बैलाच्या हाडातली मज्जा होती, मांसाचा रस्सा होता. तेव्हा मोठ्यांची शंका खोटी नाही.

पण पुढची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पेल्लेग्रिनो आर्तुसी यांचं १८९१ मध्ये निघालेलं पुस्तक इटलीच्या घराघरांत पोहोचलं. त्यात मिलानच्या रिसोत्तोचे एकाहून अधिक प्रकार आहेत. एकात मज्जा आणि वाइन दोन्ही आहेत, तर एकात दोन्ही नाहीत. म्हणजे ज्या वाइनवाचून ‘खरा रिसोत्तो होतच नाही’ असं आज ठासून सांगतात, ती वाइन त्यांच्याच घरात ऐच्छिक होती. ‘शिजताना उडून जाते’ हा युक्तिवाद आपल्याला करावाच लागत नाही.

आता चीज. यात आपण सर्वांत जास्त फसतो. अस्सल पार्मिजानो रेज्जानो बनवताना दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरणं नियमानेच बंधनकारक आहे. कांदा डोळ्यांना दिसतो, रेनेट दिसत नाही. म्हणून बुफेतल्या पाटीवर विसंबू नका. कोणतं चीज वापरलं, रस्सा कशाचा होता, हे विचारा.

आणखी एक हिंसा अशीच नजरेआड राहते. व्हेर्चेल्ली, नोव्हारा भागातल्या भातखाचरांत उन्हाळ्याच्या तोंडाशी हजारो बायका निंदणी-लावणीला येत. त्यांना मोंदिना म्हणत. दिवसभर गुडघाभर पाण्यात वाकून काम, जळवा, डास, हिवताप. त्यांनी संप केले, आणि १९०६ मध्ये व्हेर्चेल्ली भागात आठ तासांचा दिवस मिळवला. १९४९ च्या ‘रिझो आमारो’, म्हणजे ‘कडू तांदूळ’, या चित्रपटात त्यांचंच जिणं आहे. भक्ष्य-अभक्ष्य तपासताना घासामागची वाकलेली पाठही आठवावी. आपल्याकडच्या लावणीत तरी पाठ कोणाची वाकते?

मग या सगळ्या जमाखर्चात शिल्लक काय उरतं? मज्जा श्रीमंतीची, वाइन आवडीची, चीज त्या प्रदेशाचं. रिसोत्तोला रिसोत्तो करतो तो आखूड, जाड तांदूळ आणि करणारीचा हात. तांदूळ आधी स्निग्धात परतायचा, मग गरम रस थोडा थोडा घालत ढवळायचं. दाण्याचा स्टार्च सुटून पदार्थ आपोआप दाट होतो. क्रीमची गरजच नाही.

आपल्या चौक्यात लोण्याऐवजी तूप घ्यावं. एक वाटी निवडलेला आंबेमोहोर न धुता दोन चमचे तुपात परतावा. गाळलेल्या पाण्यात केलेलं मुगाचं पातळ, गरम कढण तीन-चार वाट्या घ्यावं आणि एकेक पळी घालत मंद आचेवर ढवळावं. मध्येच दहा-बारा केशराच्या काड्या, मीठ, मिरपूड. दाणा मऊ पण अखंड असतानाच उतरवून चमचाभर तूप आणि काजूची पूड घालावी. हिरवी भाजी नसल्याने अष्टमी-चतुर्दशीलाही चालतो. मात्र लगेच वाढावा, थांबला की गोळा होतो. तेव्हा सूर्यास्ताचा हिशेब धरूनच चुलीवर चढवा.

याला मिलानचा रिसोत्तो म्हणू नये, ते खरं होणार नाही. केशरी मुगाचा रिसोत्तो म्हणावं. नाव खरं असलं की मुलांना समजावणंही सोपं जातं.