पावती आधी, काम मागाहून

* ‘मागे चालणारी कामे’ : मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातले नर्मदाकाठचे गाव, सरदार सरोवराच्या बुडिताचा तडाखा सोसलेले. अशा दुर्गम भागात ऑनलाइन अर्ज करणाऱ्याला सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत ताटकळणे परवडणारे नाही. म्हणून पावती लगेच द्यायची आणि काम मागे, सवडीने चालू ठेवायचे.

याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. आधारची नोंदणी हा या तंत्राचा ठळक नमुना. चालक बोटांचे ठसे, बुबुळे आणि फोटो घेतो. सगळे एका कूटबद्ध पाकिटात बंद होते आणि नोंदणी क्रमांकाची पावती लगेच हातात पडते. पाकीट मागाहून, इंटरनेट मिळेल तेव्हा, अपलोड होते. अवजड काम त्यानंतरचे : हीच व्यक्ती आधी नोंदली गेली आहे का, हे सगळ्या जुन्या नोंदींशी ताडून पाहणे. तोवर माणूस घरी पोचलेला असतो.

वेब स्क्रिप्टचेही तसेच. पीएचपी या संगणकीय भाषेत तिला मूळ सेटिंगनुसार 30 सेकंद मिळतात. मोठा अहवाल तेवढ्यात तयार होईलच असे नाही. म्हणून ती काम रेडिस किंवा रॅबिटएमक्यू यांसारख्या सॉफ्टवेअरमधल्या रांगेत टाकते, कामाचा क्रमांक देते आणि मोकळी होते. ‘वर्कर’ नावाची वेगळी प्रक्रिया ते उचलते.

वर्कर मध्येच बंद पडला तर तेच काम रांगेतून पुन्हा येऊ शकते. ते पैसे वळते करण्याचे असेल तर पंचाईत! त्यामुळे झालेल्या कामाचा क्रमांक नोंदवून ठेवावा लागतो, आणि नवशिके नेमके तेच विसरतात. — संपा.