सीझन संपल्यावरचं ब्लॅकपूल



आपल्या बैठकीत एकीने विचारलं होतं, हे पै-पै साठवणं आपल्याच गरिबाघरचं का? म्हणून आज आम्ही तुम्हाला इंग्लंडच्या एका समुद्रकाठच्या गावाला नेतोय. गावाचं नाव ब्लॅकपूल.

हे गाव लँकेशायरमधलं. लँकेशायर म्हणजे कापडगिरण्यांचा मुलूख. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस यायचा थांबला, तेव्हा या गिरण्यांची नजर आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाकडे वळली. म्हणजे त्या गिरण्यांशी आपलं जुनं नातं आहे.

या गिरण्यांत बायका मोठ्या संख्येने राबत. उन्हाळ्यात एकेका गावच्या सगळ्या गिरण्या आठवडाभर बंद राहत, त्याला ‘वेक्स वीक’ म्हणत. १८४६ साली रेल्वे आली आणि पुढे गावंच्या गावं ब्लॅकपूलला लोटू लागली. पण त्या आठवड्याचा पगार मिळत नसे. भरपगारी सुट्टीचा कायदा झाला थेट १९३८ साली. मग खर्च कुठून? तर वर्षभर दर आठवड्याला थोडे पैसे भिशीत टाकायचे आणि सुट्टीच्या तोंडावर वाटून घ्यायचे. आपल्यासारखंच, फक्त त्यांच्याकडे अंतर्गत कर्जाऐवजी समुद्र होता!

उतरायचं कुठे? बायकांनी चालवलेल्या खाणावळवजा घरांत. यातल्या कितीतरी घरमालकिणी गिरणीच्या गावांतूनच आलेल्या, काही विधवा, काही एकट्या. पाहुण्यांनी मटण-भाजी स्वतः आणायची आणि मालकिणीने ज्याची त्याची वेगळी शिजवून द्यायची, अशी रीत होती. म्हणजे सुट्टीतही बाजारहाट आईच्याच गळ्यात. मीठ-मिरपुडीचे वेगळे पैसे लावतात म्हणून या मालकिणींची फार टिंगल झाली, चिकटपणाचे विनोद झाले. आम्हाला मात्र हसू येत नाही. चार महिन्यांच्या कमाईवर बारा महिने काढणारी बाई मिठाचाही हिशोब ठेवणारच.

कारण सप्टेंबर आला की वारा बोचरा होई आणि खोल्या रिकाम्या पडत. यावर गावाने शोधलेला उपाय होता दिव्यांचा. १८७९ साली तिथल्या किनाऱ्यावरच्या रस्त्यावर विजेचे आठ दिवे लावले, ते पाहायला माणसांची रीघ लागली. १९१२ साली राजघराण्यातल्या लुईस राजकन्येच्या भेटीसाठी सुमारे दहा हजार दिव्यांची आरास झाली. व्यापाऱ्यांनी ती सीझनच्या शेवटी पुन्हा लावायला सांगितली. तेव्हापासून शरद ऋतूतली रोषणाई हेच गावाचं दुसरं पीक झालं. दोन्ही महायुद्धांच्या काळात ती बंद पडली, पण पुन्हा सुरू झाली.

मग कुटुंबं थंडीतही येऊ लागली. पोहणं नाही, वाळूत खेळणं नाही. कोट घालून, पोरांना हाताशी धरून रात्री दिवे बघत चालायचं, वर १८९४ साली उभा राहिलेला उंच टॉवर, आणि वाटेत गरम मासे-बटाटे खायचे.

मालकिणींच्या खोल्या आणखी काही आठवडे भरत. दिवे उतरले की मात्र पुढच्या ईस्टरपर्यंत बहुतेक घरांत पाहुणा नसे. गाद्या उन्हात टाकायच्या, भिंती रंगवायच्या, आणि उरलेल्या पैशांत भाडं, कोळसा नि पोट भागवायचं.