फिट पकडणारा कॅमेरा

फिट येते तेव्हा डॉक्टर समोर नसतात. असतात घरची माणसं, आणि त्यांची तारांबळ उडालेली. कुणी कांदा हुंगवतो, कुणी चप्पल शोधतो. आधी मान वळली की डावा हात आखडला, हे मग कुणाला आठवणार? मिरगीचं निदान शतकानुशतकं अशा सांगोवांगीवर चाललं.

१९२४ साली जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतल्या विजेचा आलेख, म्हणजे ईईजी, प्रथम टिपला. छापला मात्र १९२९मध्ये. १९३५मध्ये बॉस्टनला गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांना मुलं क्षणभर हरवतात त्या झटक्यांत सेकंदाला तीन या लयीच्या लाटा सापडल्या. पण साधा ईईजी अर्ध्या तासाचा. तेवढ्यात फिट येईलच असं नाही, आणि मधल्या काळातला आलेख पुष्कळदा स्वच्छ निघतो. शिवाय लाट उसळली तेव्हा माणूस काय करत होता, ते कागदावर उमटत नाही.

म्हणून १९४९मध्ये हंटर आणि जॅस्पर यांनी ईईजीच्या जोडीला सिनेमाचा कॅमेरा लावला. फिल्म महाग, रीळ लगेच संपणारं; फिटची वाट पाहत ते दिवसभर फिरवत ठेवणं परवडणारं नव्हतं. ती सोय व्हिडिओ टेपने केली. १९७५मध्ये अमेरिकेत पेन्री, पोर्टर आणि ड्रायफस यांनी ४८ रुग्णांचे असे क्षणभर हरवण्याचे ३७४ झटके आलेखासह टेपवर घेतले. या झटक्यांत मूल नुसतं टक लावून बघतं, असा समज होता. टेप पुन्हा पुन्हा पाहिल्यावर दिसलं, की तसे निव्वळ झटके दहात एकही भरत नाहीत. पापण्या फडफडतात, ओठ चाटले जातात, बोटं कपड्याशी चाळा करतात. मला या साऱ्या इतिहासातलं हे सर्वांत मोलाचं वाटतं: डोळ्यांदेखत घडणारं इतकं काही निसटत होतं.

आज अशा तपासणीसाठी रुग्ण वॉर्डात काही दिवस राहतो. डोक्याला तारा चिकटवून वर पट्टी, समोर कॅमेरा, आणि गरज असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या कमी केलेल्या. नातेवाइकांच्या हाती बटण. त्यांना बजावलेलं असतं, की फिट आली की बटण दाबा, पांघरूण काढा आणि कॅमेऱ्याच्या आड येऊ नका. नर्स रुग्णाला नाव विचारते, हात उचलायला सांगते, एखादा शब्द लक्षात ठेवायला देते. काहींचं अंग जोरात हिसडतं, तरी आलेखात फिटची खूण नसते. मेंदूच्या खोल भागातली फिटही वरच्या तारांना कधी चुकवते, म्हणून चित्र आणि आलेख शेजारीशेजारी ठेवूनच निकाल द्यावा लागतो. आलेखात खूण नसलेले झटके मानसिक ताणातून येतात असं ठरलं, तर वर्षानुवर्षं चाललेल्या मिरगीच्या गोळ्या हळूहळू बंद करून योग्य उपचार सुरू करता येतात.